नेरी, सावू, कुंब: बनवलेल्या भाषांवरून त्यांच्या आजीचे शब्द कसे शोधायचे

पांडवलेणीत १९ नंबरचं लेणं आहे, तिथे सातवाहन राजा कण्ह याच्या काळातला एक छोटासा शिलालेख आहे. सादवाहनकुले कण्हे राजिनि असा सुरू होतो आणि लेण कारित असा संपतो, म्हणजे लेणं करवलं. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली पण तो लेण शब्द आपण आजही रोज बोलतो, फक्त शेवटाला थोडा फरक पडलाय. संस्कृतात हाच शब्द लयन. म्हणजे अय चा ए झाला. आता संगमनेर, पिंपळनेर ही नावं घ्या, त्यातलं नेर हे नगर वरून आलंय असं मानतात, नगर मग नयर मग नेर. आणि कदली, मधला द गळून कयली, मग केळ. लेणं, नेर, केळ, अर्थाने एकमेकांशी काहीच नातं नाही तरी तिघांत एकच गोष्ट घडलीय. ध्वनी बदलतात ते एकेका शब्दात मनाला येईल तसे बदलत नाहीत, सगळ्या भाषेत एकसारखे बदलतात, आणि म्हणूनच उलटं चालत मागे जाता येतं.

हे उलटं चालणं शिकायला बनवलेली भाषा सगळ्यात चांगली असं माझं ठाम मत झालंय, कारण तिथे उत्तर कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं आणि आपलं बरोबर आलं की चुकलं हे कळतं. आमच्याकडे हे असं सुरू झालं: माझी भाची कॉलेजला आहे, तिने एक मूळ भाषा बनवली, तिच्यापासून बदलांचे रूल लावून तीन भाषा काढल्या, नेरी, सावू आणि कुंब, मूळ भाषेचा कागद घडी घालून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि तीन भाषांचे साठ साठ शब्द माझ्या हातात दिले. "मावशी, आता आजी शोध." आजी म्हणजे ती मूळ भाषा. नेरी डोंगरातली, सावू नदीकाठची, कुंब पठारावरची, एवढीच माहिती. मला तीन रविवार लागले. कसं केलं ते सगळं इथे लिहितेय, तुम्हीही दोघा-तिघांत असा खेळ करू शकता, एकाने लपवायचं आणि बाकीच्यांनी शोधायचं.

साठच्या साठ शब्द इथे देत नाही, बारा पुरे. हलन्त दाखवलाय तिथे शेवटी स्वर नाही असं वाचा. क्रम नेरी, सावू, कुंब.

पाऊस: पाच् / पागि / पेका
दगड: पाक् / पागा / पाका
बी: ताक् / तागु / तोका
नदी: सात् / हादि / सेता
दोरी: सात् / हाति / सेता
डोळा: चिर् / किरा / किला
पान: चिल् / किला / किला
रात्र: नाप् / नाबु / नोपा
तोंड: माच् / माकि / मेका
मीठ: किमु / किमु / किमा
आग: लाप् / रुमा / लोपा
हात: आम् / आमा / आमा

पहिलं काम: शब्द फोडून मांडा

वहीत किंवा एक्सेलमधे शब्द अख्खा लिहू नका, एकेक ध्वनी एकेका चौकटीत टाका. पागि म्हणजे प, आ, ग, इ. आपली लिपी इथे थोडी आडवी येते कारण ती व्यंजन आणि स्वर एकत्र बांधते, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचंच होतं की पागि मधे दोनच अक्षरं दिसतात आणि शेवटच्या इ कडे लक्षच जात नाही, आणि खरी गोम नेमकी त्या इ मधे असते. फोडून लिहिलं की नेरीचा चौथा कॉलम (एक मीठ सोडून, त्याचं पुढे सांगते) कायम रिकामा दिसतो, आणि तो रिकामा कॉलम हाच पहिला क्लू. सावूत तिथे कधी आ, कधी इ, कधी उ. कुंबमधे कायम आ. आता तीन वेगवेगळ्या स्वरांचा एक आ होणं समजू शकतं, तिन्ही गळून जाणं समजू शकतं, पण रिकाम्या जागेतून किंवा एकाच आ मधून कधी इ, कधी उ असं काही कारण नसताना उगवणं समजत नाही. म्हणजे शेवटच्या स्वरांच्या बाबतीत सावू जुनी, बाकी दोघींनी ते घालवले.

हे तत्त्व पाठच करा, पुढे प्रत्येक पायरीला लागतं: दोन ध्वनी मिसळून एक झाले की ती भाषा स्वतः ते परत वेगळे करू शकत नाही. डोळा आणि पान बघा. कुंबमधे दोन्ही किला. नेरी आणि सावूत र आणि ल वेगळे. जर कुंबचा ल मूळ असेल तर नेरी आणि सावू या दोघींनी वेगवेगळं राहून, काही कारण नसताना, बरोब्बर त्याच शब्दांत र केला असं मानावं लागेल. ते होत नाही. कुंबने र आणि ल एक केले. माझी आजी बागलाणातली, घरात अहिराणी, ती डोळ्याला डोया म्हणायची आणि काळ्याला काया, आणि भजनात काया म्हणजे शरीर. नुसतं तिचं बोलणं ऐकून काया मधला य कुठला, काळा मधला की देहातला, हे सांगता येत नाही, शेजारच्या मराठीला विचारावं लागतं. कुंबचं तसंच आहे, किला म्हणजे काय ते सावूला विचारा.

अर्थावर भाळू नका

इथे माझा एक अख्खा रविवार गेला म्हणून सांगते. नेरीत नदी पण सात् आणि दोरी पण सात्. कुंबमधे पण दोन्ही सेता. मला वाटलं किती सुंदर, या लोकांना नदी दोरीसारखी दिसते, डोंगरावरून खाली सोडलेली, आणि मी दोन्ही ओळी एक करून टाकल्या. त्यामुळे सावूचे हादि आणि हाति मला एकाच शब्दाची दोन रूपं वाटली आणि पुढचं सगळं अडलं. अर्थाचा उपयोग फक्त एवढाच की कुठले शब्द शेजारी मांडायचे हे ठरवायचं. एकदा मांडले की ध्वनींचं ऐका. दोन भाषांत दोन शब्द सारखे ऐकू येतात आणि तिसरीत वेगळे, तर ते दोन शब्द आहेत, गोष्ट कितीही गोड असली तरी.

जुळण्या लिहा

आता प्रत्येक जागेवर तीन भाषांत काय दिसतं ते तिघांचं त्रिकूट करून लिहायचं. समोर येईल ते सगळं, निवड करायची नाही. मधल्या जागेवरची, म्हणजे दोन स्वरांच्या मधली, जी मिळाली त्यातली क आणि त ची ही पाच त्रिकुटं:

च : ग : क (पाऊस)
क : ग : क (दगड, बी)
च : क : क (तोंड)
त : द : त (नदी)
त : त : त (दोरी)

साठ शब्दांत प्रत्येक त्रिकुटाला मला निदान तीन तीन उदाहरणं सापडली. हे महत्त्वाचं आहे, एका शब्दावर रूल बांधायचा नाही. एकच उदाहरण असेल तर ते वहीच्या समासात लिहून ठेवा, फेकू नका, पण त्याच्यावर भारही टाकू नका.

शेजार बघा

सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे त्यामुळे इथे घाई करू नका. पहिली दोन त्रिकुटं घ्या. नेरीत पावसाला पाच् आणि दगडाला पाक्. नेरीच्याच घरात उभं राहून बघितलं तर दोघांत काही फरक नाही, दोन्हीकडे आधी पा, नंतर काही नाही. मग एकदा च आणि एकदा क का? कारण शेजारी होता, तो निघून गेला. सावूत जा: पागि, पागा, तागु. जिथे सावूला इ आहे तिथेच नेरीला च आहे, आ किंवा उ असेल तिथे क. एकदाही उलटं नाही. म्हणजे दोन त्रिकुटं दिसतात पण मूळ ध्वनी एकच, *क, आणि नेरीत तो इ च्या आधी च झाला. शब्दाआधी ही * चांदणी लावायची, म्हणजे हा शब्द कुठे ऐकलेला-वाचलेला नाही, आपण मांडलेला आहे. ही पद्धत ऑगस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकामुळे रूढ झाली, त्यांनी १८६८ मधे अशा चांदणीवाल्या भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच लिहिली होती, आणि पुढच्या लोकांनी ती नव्या समजुतीप्रमाणे पुन्हा पुन्हा वेगळी लिहिली. तुमचा चांदणीवाला शब्दही असा बदलू शकतो हे धरूनच चाला.

क चा च झाला की च चा क, हे कसं ठरवायचं? दोन गोष्टी. एक म्हणजे बदलाला कारण पाहिजे, इ म्हणताना जीभ पुढे वर जाते, ती आधीच्या व्यंजनाला पण आपल्यासोबत ओढते, आणि हे जगभर घडतं. लॅटिनमधे शंभराला केन्तुम, इटालियनमधे चेन्तो. आपल्या तोंडात तर दिवसभर घडतं: म्हैस पण म्हशी, माझा मधला झ दातांपाशी पण माझी मधला टाळूपाशी. कोणी शिकवलं नाही तरी प्रत्येक मराठी माणूस हे बरोबर करतो, कारण पुढे ई आहे. च चा क होण्याला असं काही जवळचं कारण नाही. दुसरं म्हणजे क मूळ धरला तर एकच रूल लागतो, च मूळ धरला तर इतर भाषांत तो का नाही याचे आणखी दोन रूल लिहावे लागतात.

सावूचा ग पण तसाच. सावूत ब, द, ग शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाहीत, साठात एकदाही नाही, फक्त दोन स्वरांच्या मधे. दोन स्वरांच्या मधे गळ्याची कंपनं चालूच असतात, मधलं व्यंजन पण त्यात रंगतं. म्हणून प त क चे ब द ग. आणि सुरुवातीचा स : ह : स हा पण सोपा, स चा ह होतो हे आपल्याला घरातून माहितीये, संस्कृत सप्त आणि फारसी हफ्त. गाडीच्या कर्जाचा हप्ता म्हणतो ना आपण, तो मुळात सात दिवसांचा, म्हणजे आपला सात आणि बँकेचा हप्ता सख्खे चुलत.

कुंबने वेगळीच सोय करून ठेवलीय. शेवटचे स्वर सगळे आ झाले पण जाता जाता आधीच्या स्वरावर ठसा सोडून गेले. सावूत शेवटी इ असेल तर कुंबच्या पहिल्या आ चा ए (पेका, सेता, मेका), उ असेल तर ओ (तोका, नोपा), आ असेल तर आ तसाच (पाका). माणूस निघून गेला पण ओल्या ओट्यावर पावलं दिसतायत. हे पुढे आगीच्या शब्दाला फार उपयोगी पडतं.

तिघी एकमत, तरीही उत्तर वेगळं

नवीन माणूस इथे मतदान करतो, दोन भाषा क म्हणतात आणि एक ग म्हणते तर क जिंकला. चुकूनमाकून बरोबर येतंही. पण त : त : त हे दोरीचं त्रिकूट बघा. तिन्ही भाषा त म्हणतात, मतदानात शंभर टक्के. तरी मूळ साधा त असू शकत नाही. कारण साधा *त आधीच नदीच्या त्रिकुटाला देऊन झालाय, त : द : त. शेजार पण सारखाच, दोन्हीकडे आधी आ, नंतर इ. एकच ध्वनी, एकच शेजार, आणि सावूत एकदा द आणि एकदा त, हे होऊ शकत नाही. म्हणजे मूळ भाषेत इथे दोन वेगळे ध्वनी होते. तसंच पाऊस (च : ग : क) आणि तोंड (च : क : क) यांचंही, दोन्हीकडे पुढे इ.

मग दुसरा ध्वनी कोणता? दोन शक्यता मी वहीत समोरासमोर लिहिल्या. एक, नदीत मूळ *द होता, तो नेरी आणि कुंबमधे त झाला, आणि दोरीत *त. दोन, नदीत *त आणि दोरीत जोड *त्त, सावूत एकटा त मऊ होऊन द झाला, जोड त टिकला आणि नंतर एकेरी झाला. पहिली शक्यता वरवर सोपी दिसते. पण मग मूळ भाषेत *ब, *द, *ग फक्त दोन स्वरांच्या मधेच का होते, सुरुवातीला एकदाही का नाही, याचं उत्तर ती देत नाही. दुसरी देते, कारण जोड व्यंजन स्वाभाविकपणे मधेच येतं, आणि हे न मऊ होणारे त, क खरंच फक्त मधेच सापडतात. शिवाय हाच खेळ मराठीने स्वतः खेळलाय. संस्कृतातून येताना दोन स्वरांमधला एकटा त, द, ग गळालाच, पाद चा पाय झाला, नगर चं नेर झालं. पण सप्त चा आधी सत्त झाला, हस्त चा हत्थ, भक्त चा भत्त, रात्रि ची रत्ति, आणि ते जोड होते म्हणून वाचले: सात, हात, भात, रात. पंजाबीत अजून सत्त आणि हत्थच म्हणतात, आपण जोड सोडला आणि त्या बदल्यात आधीचा स्वर लांबवला. एवढं शेजारी उभं असताना मी *सात्ति आणि *माक्कि लिहिलं आणि पुढे गेले.

तेव्हा शोधताना जिथे रूल मोडल्यासारखा वाटेल तिथेच बसून राहा. अपवाद म्हणून पुसून टाकला तर ते *त्त कधीच सापडणार नाही, तीन भाषांत कुठेही ते दिसत नाही, फक्त सावूच्या एका न झालेल्या बदलात त्याची खूण आहे.

रूलना क्रम असतो

नुसते रूल सापडून भागत नाही, कोण आधी कोण नंतर हे पण ठरवावं लागतं. नेरीत दोन रूल: इ च्या आधी क चा च, आणि शेवटचा स्वर गळणे. *पाकि घ्या. आधी च, मग गळणे: पाचि, पाच्. बरोबर. आधी गळणे केलं तर पाक् उरतो, इ गेलाच, आता च कोणामुळे होणार? चूक. म्हणून च आधी. सावूतही तेच: आधी एकट्या व्यंजनाचं मऊ होणं, नंतर जोडाचं एकेरी होणं. उलटं केलं तर *सात्ति चा आधी *साति होईल, मग तोही मऊ होऊन हादि, आणि नदी-दोरी सावूतही एक होतील. त्या एक झालेल्या नाहीत म्हणजे क्रम पक्का. कुंबमधे आधी ठसा, मग स्वर जाणे. प्रत्येक भाषेचे रूल एका वेगळ्या पानावर क्रमाने लिहा आणि पान भिंतीला चिकटवा, मी फ्रिजवर लावलं होतं.

पाहुणे शब्द

मीठ: किमु / किमु / किमा. कुंब ठीक आहे, *किमु चा किमा. पण नेरीत किमु? रूलप्रमाणे चिम् यायला हवा होता. एक नाही दोन रूल मोडलेत, क चा च झाला नाही आणि शेवटचा उ पण शाबूत. आणि रूप हुबेहूब सावूचं. जेव्हा एकाच शब्दात दोन रूल एकदम मोडतात आणि तो शब्द शेजारच्या भाषेसारखा तंतोतंत दिसतो तेव्हा तो बाहेरून आलाय, आणि ते पण दोन्ही बदल होऊन गेल्यानंतर. डोंगरात मीठ होत नाही, नदीकाठाहून वर जाणार, सोबत नाव पण जाणार. असे शब्द मूळ शोधायला वापरायचे नाहीत, पण फेकायचे पण नाहीत, कुठला बदल कधी झाला याची तारीख तेच सांगतात. आपल्याकडे क्षेत्र चं शेत, मक्षिका ची माशी, कुक्षि ची कूस, म्हणजे मराठीच्या घरच्या वाटेने क्ष चा श किंवा स होतो. मग क्षीर ची खीर कशी? ख हा शेजाऱ्यांच्या वाटेचा आहे, हिंदीत खेत आणि मक्खी. तेव्हा खीर ही दुसऱ्या वाटेने आलेली पाहुणी.

एक साक्षीदार गैरहजर

आगीला सावूत रुमा, तो शब्दच वेगळा. उरल्या नेरी लाप् आणि कुंब लोपा. पहिला स्वर नेरीवरून आ, कुंबचा ओ सांगतो की पुढे उ होता. म्हणजे *ला_ु एवढं नक्की. मधे *प की *प्प, हे फक्त सावूच सांगू शकते आणि तिने शब्द टाकून दिलाय. अशा वेळी दोन्ही लिहायचे, *लापु किंवा *लाप्पु, आणि अंदाज मांडून ठेवायचा: सावूत हा शब्द कुठे सापडलाच तर तो लाबु असेल नाहीतर लापु. मग सावूची यादी जोडशब्दांसाठी परत चाळायची, कारण एकटा शब्द मेला तरी जोडशब्दात राहतो, जसा मध्य चा जुना मज्झ आपल्या माजघरात अजून बसलाय. मला मिळाला, सावूत चुलीला लाबुमा. ब आला म्हणजे व्यंजन एकटं होतं. *लापु. त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला, दोन आठवडे आधी वहीत लिहिलेला अंदाज समोर शब्द बनून आला होता.

खालून वर गेलात, आता वरून खाली या

सगळे चांदणीवाले शब्द घ्या, प्रत्येक भाषेच्या रूलमधून क्रमाने चालवा आणि यादीशी ताडून बघा. *साति, सावू: स चा ह, हाति, मग त चा द, हादि. जुळलं. कुंब: इ चा ठसा, सेति, मग शेवट आ, सेता. जुळलं. हे साठही शब्दांना करा, कंटाळा येतो पण करा, मला यातच दोन चुका सापडल्या. जो शब्द जुळत नाही त्याच्यासाठी लगेच खास रूल बनवू नका. आधी पाहुणा आहे का बघा, मग शेजार नीट लिहिलाय का बघा, मग क्रम.

भाषा बनवणाऱ्यांना यातून उलट दिशेचाही फायदा आहे. आधी आजी बनवा, मग नाती काढा, सरळ दोन सारख्या दिसणाऱ्या भाषा बनवू नका. लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणाऱ्या टोल्किन यांनी हेच केलं, त्यांनी बनवलेल्या भाषांपैकी क्वेन्यात झाडाला अल्दा आणि सिंदारिनमधे गालाध, वरवर अनोळखी, पण दोन्ही *गालादा पासून. क्वेन्याने सुरुवातीचा ग आणि मधला आ घालवला, सिंदारिनने शेवटचा आ घालवून द मऊ केला. एकीत जे गेलं ते दुसरीत सापडतं, म्हणून त्या जिवंत वाटतात.

तिसऱ्या रविवारी डबा उघडला. भाचीने कागद वाचायला सुरुवात केली आणि मी माझी वही, एकेक शब्द. *पाकि, *पाका, *ताकु, *सात्ति जुळला तेव्हा ती ओरडलीच. एकच शब्द वेगळा निघाला. हात, मी *आमा लिहिलं होतं, तिच्या कागदावर *हामा. तिच्या मूळ भाषेत सुरुवातीला ह होता, तो तिन्ही भाषांत गेला, कुठे ठसाही नाही. मी काहीही केलं असतं तरी सापडला नसता. खऱ्या भाषांत हे असंच झालेलं आहे. सोस्यूर या स्विस भाषाअभ्यासकांनी २१ व्या वर्षी, १८७८ च्या अखेरीस, फक्त स्वरांच्या वागण्यावरून मांडलं की संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या आजीत काही ध्वनी होते जे तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच नातीत ध्वनी म्हणून उरलेले नाहीत. १९१५ मधे ह्रॉझ्नी या अभ्यासकांनी हित्ती भाषा उलगडली, ही आजच्या तुर्कस्तानातली फार जुनी भाषा, त्याच आजीची नात, आणि १९२७ मधे कुरिलोविच या दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की हित्तीतला घशातला ह बरोबर त्यातल्या काही जागांवर बसतो. संस्कृत अन्ति, लॅटिन आन्ते, आणि हित्तीत हान्त. सोस्यूर १९१३ मधेच वारले होते.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी थांब, मी चौथी भाषा देते." रात्री मेसेजवर पाच शब्द आले, पहिलाच हात: खामा. आता काम असं: साठ शब्दांत स्वराने सुरू होणारे जेवढे आहेत ते सगळे वेगळे काढायचे, माझ्याकडे सात निघाले, आणि प्रत्येकाचा चौथा भाऊ मागायचा. ज्यांच्यात ख आला त्यांना आधी *ह लावायचा, ज्यांच्यात नाही आला ते तसेच. आणि काहींत आला, काहींत नाही असं झालं तर लगेच सगळीकडे *ह लावून मोकळं व्हायचं नाही, ख च्या पुढचा स्वर कोणता आहे तो कॉलम आधी भरायचा.